कुंपणावरचं गुदेग

जुलैच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ऐन हिवाळ्याच्या, सुट्ट्या जवळ आल्या की मेलबर्नजवळच्या आमच्या पॉइंट कुकमधली निम्मी कुटुंबं बॅगा भरायला घेतात. इथे बर्फ पडत नाही, पण समुद्रावरून येणारा वारा नको नको करून सोडतो, आणि नव्या घरांच्या भिंती इतक्या पातळ की हीटर बंद केला की पाच मिनिटांत घर गार. मग ज्याला त्याला बाली आठवतं. यंदा आमच्या ग्रुपमधली मेघना बालीऐवजी जावाला निघाली आहे. परवा तिचा मेसेज आला, "वर्षा, तुला जावाचं खाणं माहितीये ना? टॉप टेन टाइप लिस्ट दे ना प्लीज. ऑथेंटिक हं, टुरिस्टी नको."

माहीत आहे, हे खरं. पण मी जावाला आजवर गेलेली नाही, हेही तितकंच खरं. माझं सगळं ज्ञान एका हिवाळ्यातलं आहे, आणि ते मी मास्क हनुवटीखाली ओढून, लाकडी कुंपणाशी उभं राहून, चमच्याचमच्याने मिळवलेलं आहे. दहा नावं लिहायला दहा मिनिटं पुरतील. त्यातल्या एका नावापुढे काय लिहायचं हे मात्र मला अजून ठरवता येत नाही.

दोन हजार वीस साली ईस्टरच्या सुट्टीत आम्ही योग्याकार्ताला जाणार होतो. जावा बेटावरचं ते जुनं शहर. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथली देवळं बघायची होती. मला खायचं होतं. मी सोलापूरची, आमच्या घरात आधी काय खायचं ते ठरायचं आणि मग कुठे जायचं ते. माझ्या लेकीच्या, इराच्या, गणिताच्या जुन्या वहीत मी प्रवाशांनी चुकवू नयेत अशा पदार्थांची यादी केली होती. इंटरनेटवरच्या सहासात याद्या एकत्र करून, पुढे चांदण्या काढून. मार्चमध्ये विमानं बंद झाली. वही फ्रीजवर पडून राहिली.

आमच्या शेजारच्या घरात बू सुलास्त्री राहायच्या. 'बू' म्हणजे आई, बाई आणि आपल्याकडची काकूसुद्धा. जावात मोठ्या बाईला नुसत्या नावाने कोणी हाक मारत नाही. वय अडुसष्ट, अंगाने बारीक, घरातसुद्धा मोजे आणि दोन स्वेटर. मूळच्या योग्याकार्ताच्या. तिकडचे लोक नुसतं 'योग्या' म्हणतात. त्यांचे यजमान, पाक वार्नो ('बू' तसं पुरुषांना 'पाक'), मेलबर्नला बस चालवायचे. आम्ही इथे राहायला आलो त्याच वर्षी ते गेले. मुलगा यूदी दूर पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला खाणीत इंजिनियर. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, त्यांचं जावाच्या हेलात आणि माझं सोलापूरच्या, पण मी ते इथे मराठीतच लिहिते. त्या मला 'म्बाक वर्षा' म्हणायच्या. म्बाक म्हणजे ताई, पण धाकट्या बाईलाही प्रेमाने म्हणतात.

मे महिन्यात एकदा कपडे वाळत घालताना मी त्यांना कुंपणावरून ती वही दाखवली. त्यांनी चष्मा लावला, पहिलं नाव वाचलं आणि हसू दाबलं.

"नासी गोरेंग?"

"सगळ्या याद्यांमध्ये पहिलं तेच आहे, बू."

"अगं, रात्रीच्या उरलेल्या भाताचं आम्ही सकाळी ते करतो. तुम्ही उरलेल्या भाताचं काय करता?"

"फोडणीचा भात."

"मग विमानाने पाहुणे आले, तर पहिल्या पानावर तू त्यांना फोडणीचा भात वाढशील?"

मी पेन पुढे केलं. त्यांनी नासी गोरेंगवर काट मारली नाही. जावाची माणसं कशावरच काट मारत नाहीत. त्यांनी एक बारीकसा बाण काढला आणि ते नाव अलगद यादीच्या तळाशी नेऊन ठेवलं.

मग त्यांनी मला शिकवलं. सकाळी सोतो प्यावं: हळदीचं पातळ चिकन सार, त्यात तांदळाच्या शेवया, वरून लिंबू आणि कुरकुरीत तळलेला कांदा. दुपारी पेचेल, म्हणजे उकडलेल्या पालेभाज्या, मुगाचे लांब मोड आणि त्यावर शेंगदाण्याचं सैलसर वाटण. ते पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला जरा रागच आला, कारण शेंगदाणा कुटताना कुठे थांबायचं ते फक्त सोलापुरात कळतं अशी माझी समजूत होती. तेम्पे खावं, तेही बाचेम केलेलं: सोयाबीन आंबवून केलेली वडी, गूळ आणि धने घातलेल्या पाण्यात शिजवून मग तळलेली. संध्याकाळी क्लेपोन. चिकट तांदळाच्या पिठाच्या हिरव्या गोळ्या, आत पातळ झालेला गूळ आणि वर ओलं खोबरं. क्लेपोन अख्खा तोंडात टाकायचा असतो, हे त्यांनी मला सांगितलं होतं. पण उकडीचे मोदक खाणाऱ्या माणसाची एक मिजास असते. मी अर्धा चावला आणि आतला गूळ थेट माझ्याच टी-शर्टवर. बू इतक्या हसल्या की त्यांना कुंपण धरावं लागलं.

रावॉन नावाचं काळं सार यादीत हवंच, पण ते गोमांसाचं असतं. तसलं काही शिजवलेलं असलं की बू नुसतं "हे तुझं नाही" म्हणायच्या आणि झाकण ठेवायच्या. ना माफी, ना खुलासा. मला ते फार आवडायचं. तेव्हा रावॉन मी ऐकीव माहितीवर लिहिणार आहे.

आणि गुदेग. कोवळा फणस, नारळाचं दूध, धने, लसूण, आपल्या आल्याच्या नात्यातलं एक मूळ, आणि नारळाचा काळा गूळ. मंद आचेवर तासन् तास. फणसाचा रंग तांबूस काळपट होईपर्यंत, रेषा मऊ पडेपर्यंत. तिकडे रंगासाठी सागाची पानं घालतात, इथे बू चहाची पत्ती घालायच्या. त्यातच सोललेली उकडलेली अंडी. योग्याचा माणूस कुठेही गेला तरी गुदेगसाठी परत येतो, असं बू म्हणायच्या. पाक वार्नो मेलबर्नहून परत गेले नाहीत, कारण ते इथेच घरी मिळत होतं. पहिल्यांदा मी गुदेग खाल्लं ते मेच्या शेवटी. कौतुक केलं. घरी येऊन मंदारला म्हटलं, "भाजी आहे की शिरा, काही कळेना." इरा म्हणाली, "आई, धिस इज लाइक, डेझर्ट." आम्ही तिघांनी त्यावर लसणाची चटणी घालून ते संपवलं.

जुलैत पुन्हा सगळं बंद झालं. ऑगस्टमध्ये आणखी घट्ट. घरापासून पाच किलोमीटर, दिवसाला एक तास व्यायाम, खरेदीला घरातून एकच माणूस. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून काम करायची, मंदार गॅरेजमध्ये, इरा तिच्या खोलीत शाळेत. रस्त्याच्या कडेच्या वॉटलच्या झाडांना पिवळी फुलं आली होती आणि ती बघायला आम्ही रोज त्याच रस्त्याने, त्याच वेळी जायचो. त्याच महिन्यात माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध झालं. मी ते फोनवर पाहिलं. पान वाढलेलं दिसलं, आईचा हात दिसला, भावाने फोन वाटीवर नेला तेव्हा खिरीतला वेलदोडासुद्धा दिसला. वास नाही. मी फोन बंद केला आणि एक मीटिंग होती तिला बसले.

बूंना त्याआधी, जुलैतच, कोविड झाला. कुठून लागला ते कळलं नाही. घरीच होत्या, ताप, खोकला, मग नुसता थकवा. चौदा दिवस मी त्यांच्या दारात पिशव्या ठेवून बेल वाजवून मागे सरकायची. त्या खिडकीतून हात जोडायच्या. बऱ्या झाल्यावर दुसऱ्याच दिवशी कुंपणाच्या आडव्या फळीवर इनॅमलची एक हिरवी वाटी आली. सोतो. मी चमचा तोंडात घातला आणि माझे डोळे आपोआप मिटले. खारट! समुद्राचं पाणी परवडलं.

"कसं आहे?" बू लांबून म्हणाल्या.

"छान आहे, बू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी, पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी बूंनी वाटी ठेवली आणि मागे गेल्याच नाहीत.

"म्बाक, खरं सांग. मीठ?"

मी सोलापूरची असून दोन दिवस खोटं बोलले होते. तिसऱ्या दिवशी जमलं नाही. "तोंडात धरवत नाही, बू."

त्या मागे जाऊन त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या. "मला काहीच लागत नाही," त्या म्हणाल्या. "वास नाही, चव नाही. काल मी मीठ म्हणून साखर घातली असती तरी मला कळलं नसतं. चाळीस वर्षं स्वयंपाक करतेय, कधी चमचा मोजला नाही. जिभेने केला. आता ती जीभच नाही." रडल्या वगैरे नाहीत. हवामान सांगावं तसं सांगितलं. आणि मग म्हणाल्या, "तू होशील माझी जीभ? थोडे दिवस?"

मला त्याचा अभिमान वाटला. तो आता लपवून काय करायचं?

दुपारी एकच्या सुमाराला कुंपणावर पळीची दोनदा टकटक व्हायची. मी मीटिंगला म्यूट करून बाहेर. फळीवर वाटी, बू दोन मीटर मागे, हातात वही. मीठ? बेताचं. लिंबू? अजून हवं. तिखट? वाढवा की, काय घाबरताय. गोड? इथे मी रोज एकच उत्तर द्यायची: जरा जास्त झालंय. बू मान हलवायच्या, आत जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गूळ कमी असायचा. तेम्पे बाचेममधला गूळ कमी झाला. पेचेलच्या वाटणात तिखट आलं. उराप नावाची त्यांची खोबरं घातलेली भाजी तर सप्टेंबरपर्यंत अशी झाली की मंदार म्हणाला, "आता कसं, जेवल्यासारखं वाटतं." मला वाटलं, बूंचा हात सुधारतोय. खरंच, मला असं वाटलं होतं.

बूंच्या स्वयंपाकघरात योग्याहून आलेलं एक कॅलेंडर होतं. आपल्या कॅलेंडरवर तिथी असतात तसे त्यावर आपल्या सात वारांच्या जोडीला त्यांचे पाच वेगळे वार. त्यात एका तारखेभोवती लाल गोल. त्या दिवशी पाक वार्नोंना जाऊन हजार दिवस होणार होते. जावात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी, सातव्या, चाळिसाव्या, शंभराव्या दिवशी जेवण घालतात, आणि शेवटी हजाराव्या. शेजारपाजारचे येतात, प्रार्थना होते, आणि प्रत्येकाच्या हातात घरी न्यायला जेवणाची पेटी देतात. हजार दिवस गेलेला माणूस घराच्या आसपास असतो, हजाराव्या दिवशी तो पुरता निघतो, असं जुनी माणसं मानतात. त्यानंतर कबरीवर पक्का दगड बसवतात.

"माणसं जमवता येणार नाहीत," बू म्हणाल्या, "पण पेट्या देता येतील. जो पाच किलोमीटरच्या आत आहे तो त्याच्या व्यायामाच्या तासात येऊन घेऊन जाईल." बेत ठरला होता. रीतीप्रमाणे आपेम, म्हणजे आपल्या आंबोळीच्या नात्यातला तांदळाचा गोडसर प्रकार, आणि चिकट भात. आणि रीतीत नसलेलं गुदेग, कारण पाक वार्नोंना दुसरं काही जेवण वाटायचंच नाही.

दोन आठवडे आधी त्यांनी थोडं करून बघितलं. मी चाखलं, गूळ कमी करायला सांगितला, पुन्हा चाखलं. "आता फर्स्ट क्लास," मी म्हटलं. त्यातला एक डबा रत्नाला दिला. रत्ना नर्स, योग्याचीच, विल्यम्स लँडिंगला राहायची. चालत आली आणि डबा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी टकटक झाली, पण फळीवर वाटी नव्हती. बू उभ्या होत्या.

"रत्नाचा मेसेज आला. म्हणते, खूप चविष्ट आहे बू, मला सुराबायाची आठवण झाली."

"अरे वा!" मी म्हटलं.

बूंनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, अंतर मोजावं तसं. मग म्हणाल्या, "सुराबाया पूर्वेला आहे. तिकडचे लोक खारट-तिखट खातात. योग्याच्या बाईच्या गुदेगला कोणी असं म्हणत नाही. रत्ना चांगल्या घरातली मुलगी आहे, याहून वाईट ती बोलू शकत नाही."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला आणि आलं तेव्हा कान गरम झाले. दीड महिना मी त्यांना चव सांगत नव्हते, माझी आवड सांगत होते. मीठ किती आहे, हे विचारलं तर मी ते बरोबर सांगायची. गोड किती आहे, हे विचारलं की सोलापूर बोलायचं. आणि त्या बिचाऱ्या आंधळ्या विश्वासाने रोज एकेक खडा गूळ काढत गेल्या. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं.

"यूदीच्या बाबांना साखर होती," बू मध्येच म्हणाल्या. "शेवटचं वर्षभर डॉक्टरांनी गोड बंद केलं. मी गुदेग करायची, गूळ न घालता. ते जेवायचे. एकदाही तक्रार केली नाही. एकदाच म्हणाले, सुलास्, मी गेल्यावर तरी नीट घाल." त्यांनी दोन्ही स्वेटर गळ्याशी ओढून घेतले. "मी हजाराव्या दिवसासाठी थांबले होते."

मग त्या आत गेल्या. तीन दिवस टकटक झाली नाही. मी एक वाजला की ओट्याशी येऊन उभी राहायची. इराने विचारलं, "बू इज ओके, राइट?" मी हो म्हटलं. मला इतकी लाज वाटत होती की मी मंदारलाही धड सांगितलं नाही. आपण कुणाचं काहीतरी मोलाचं बिघडवलं, तेही मदत करतोय अशा ऐटीत, हे पचायला जड जातं. वाईट वागून बिघडवलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

चौथ्या दिवशी टकटक झाली. बूंच्या हातात प्लास्टिकचा एक डबा होता, बर्फाने पांढरा झालेला.

"रत्नाला विचारलं तर ती साबणाच्या पाण्यालासुद्धा चविष्ट म्हणेल," त्या म्हणाल्या. "तू तोंडावर बोलतेस. मला तूच हवीस. पण आता मला छान की वाईट ते सांगायचं नाही. हे बघ. हे मार्चमधलं आहे. यूदी ईस्टरला येणार होता म्हणून केलेलं, माझ्या स्वतःच्या जिभेने. एवढंच उरलंय. रोज एक चमचा खा. पाठ कर."

यूदी आला नव्हता. त्याच्या राज्याने सीमा बंद केली होती. त्याच्या वाट्याचं गुदेग मी आठवडाभर, रोज एक चमचा, अभ्यासाला बसावं तसं खाल्लं. पहिल्या दिवशी मला ते गिळवेना, इतकं गोड. दुसऱ्या दिवशी कळलं की गोड आधी येत नाही, नारळ आधी येतो. चौथ्या दिवशी धने सापडले. पाचव्या दिवशी मी डोळे मिटून सांगू शकले, की गूळ जिभेच्या टोकावर नाही, मागे जाऊन बसतो आणि तिथे तो थोडा कडू आहे, जळका. "हो," बू म्हणाल्या, आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. "तो कडवटपणा काळ्या गुळाचा. तो राहिला पाहिजे." मी आयुष्यभर खात आले, स्वतःला खवय्या म्हणवत आले, आणि एखादा पदार्थ माझ्या पसंतीची वाट न बघता आपला आपण कसा असतो, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी एका बर्फाळ डब्याने शिकवलं. आवडलं नाही तरी शिकवलं.

बूंची चव पुढच्या वर्षी परत आली, अर्धीमुर्धी. कॉफी अजून जळक्या रबरासारखी लागते, असं त्या फोनवर सांगतात. सीमा उघडल्यावर त्या यूदीकडे कालगुर्लीला गेल्या. तिथे फणसाचा टिन मिळायला पर्थहून कुणीतरी यावं लागतं. त्यांच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं, "हाउ यू गोइंग, नो वरीज" म्हणणारं, भलं. आम्ही अजूनही जावाला गेलो नाही. दर वर्षी काहीतरी निघतं, आणि खरं सांगायचं तर मला जरा भीती वाटते, की तिथलं गुदेग बूंच्या गुदेगसारखं लागणार नाही आणि मी ते मोठ्याने बोलून दाखवीन.

तर तो हजारावा दिवस शनिवारी आला. ऊन पडलं होतं, वारा होताच. बूंनी आदल्या दिवसापासून पातेलं चढवलं होतं. सकाळी अकराला वाटी आली, शेजारी मार्चच्या डब्यातला शेवटचा चमचा. मी एक खाल्लं, पाणी प्यायले, दुसरं खाल्लं. "गूळ कमी आहे," मी म्हटलं. बू आत गेल्या. तासाने पुन्हा वाटी. "अजून कमी." बूंनी मला निरखून पाहिलं. "खरंच?" "खरंच." तिसऱ्या वाटीला मी बराच वेळ थांबले. त्या डब्यातला चमचा आता संपला होता, पडताळायला काही उरलं नव्हतं. "झालं, बू," मी म्हटलं. "काढा."

दुपारी त्यांच्या ड्राइव्हवेवर टेबल लावून पेट्या मांडल्या. लोक मास्क लावून येत होते, लांबूनच हात छातीशी नेत होते, पेटी उचलत होते. रत्ना युनिफॉर्ममध्ये आली. तिने तिथेच पेटी उघडली, बोटाने रस्सा जिभेला लावला आणि पेटी बंद करून दोन्ही हातांनी पोटाशी धरली. प्रार्थना फोनवर झाली. पलीकडे योग्याचे नातेवाईक, कालगुर्लीचा यूदी, सगळ्यांचे आवाज एकमेकांच्या मागे-पुढे. मी आमच्या बाजूला, कुंपणाशी, डोक्यावर ओढणी घेऊन उभी होते.

सगळं आटोपल्यावर बूंनी दोन ताटं आणली. एक माझ्यासाठी फळीवर ठेवलं, एक घेऊन त्या खुर्चीत बसल्या. त्यांनी पहिला घास घेतला, हळूहळू चावला, आणि समोर कुंपणाकडे बघत राहिल्या.

"काही लागत नाही, म्बाक," त्या म्हणाल्या. "मऊ आहे, गरम आहे. बस."

मी फळीवरचं ताट जवळ ओढलं.

"तू खा," त्या म्हणाल्या. "आणि मला सांग."

"काय सांगू?"

"ते काय खाऊन निघालेत, ते."

मी मास्क काढून खिशात घातला. घास घेतला. "आधी नारळाचं दूध," मी म्हटलं, "दाट, थोडं तेलकट." बूंनी घास घेतला. "मग धने. मग फणस, त्याला स्वतःची अशी चव नाही, पण रेषा सुटतेय." त्यांनी मान हलवली. "आणि आता गूळ येतोय, बू. मागे. कडवट आहे थोडा, पण खूप गोड. खूपच. तोंड धुतलं तरी जाणार नाही इतकं."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या, कारण उजव्या हातात घास होता.

"थांबू नकोस," त्या म्हणाल्या.

मी सांगत गेले आणि त्या जेवत गेल्या.